बॉक्सिंगसाठी धावताना : ट्रेडमिल कधी, मैदान कधी

क्लबमध्ये नाव घातल्यावर पहिल्या आठवड्यातच सर सांगतात, "सकाळी रोडवर्क करून येत जा." रोडवर्क म्हणजे बॉक्सरचं सकाळचं धावणं; पण किती, कुठे, कोणत्या वेगानं, हे बहुतेक वेळा नव्या मुलांपर्यंत पोहोचतच नाही. मग कोणी पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर जीव खाऊन पळतो आणि संध्याकाळी पंचिंग बॅगवर त्याचे पाय हलत नाहीत. कोणी जिममधल्या ट्रेडमिलवर टीव्ही बघत अर्धा तास काढतो, असा महिना घालवतो, आणि पहिल्या स्पारिंगला (सरावाच्या लढतीला) दुसऱ्या राउंडमध्ये त्याचे हात खाली येतात. मेहनत दोघांनीही केलेली असते, म्हणून जास्त वाईट वाटतं.

ट्रेडमिल चांगली की रस्ता चांगला, हा वाद क्लबमध्ये कायम रंगतो. माझं मत असं, की आजच्या धावण्यातून काय हवं आहे हे आधी ठरवावं; जागा त्यावरून ठरते. काही कामं मातीवरच होतात, काही मशीनवर जास्त नीट होतात. कोणतं काम कुठे, ते क्रमानं सांगतो.

पायरी १ : धावून काय मिळवायचं ते समजून घ्या

हौशी बॉक्सिंगची मोठ्या गटातली लढत म्हणजे ३ मिनिटांचे ३ राउंड आणि मध्ये १-१ मिनिट विश्रांती. ऑलिंपिकमध्ये पुरुष आणि महिला दोघांनाही हेच. कमी वयाच्या गटांत राउंड छोटे असतात. ऐकायला ९ मिनिटं काहीच वाटत नाहीत. पण त्या ९ मिनिटांत तुम्ही एका लयीत काम करत नाही. चार-पाच सेकंद ठोशांची सरबत्ती, मग थोडं सरकणं, टेहळणी, परत एक झटका. तो झटका स्नायूंमध्ये आधीच साठवलेल्या शक्तीवर चालतो. तो साठा काही सेकंदांत रिकामा होतो आणि परत भरायला ऑक्सिजन लागतो. म्हणजे सरबत्तीनंतर तुम्ही किती लवकर सावरता, आणि कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या त्या एका मिनिटात धाप किती उतरते, हे तुमच्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या तयारीवर ठरतं. सावकाश, लांब धावण्याचं बॉक्सिंगमधलं काम हेच आहे.

दुसरं काम म्हणजे ३ मिनिटं जवळपास पूर्ण जोर टिकवायचा आणि फक्त एका मिनिटाच्या विश्रांतीवर परत उठायचं. तिसरं काम पायांचं. पोटऱ्या, घोटे, टाचेमागची शीर यांना चवड्यावर उड्या मारत राहण्याची ताकद यायला हवी.

धावण्यातून काय मिळत नाही तेही आत्ताच लक्षात ठेवा. खांद्यांचा टिकाव मिळत नाही. तो बॅग, पॅड आणि दोरीवर येतो. आणि नवख्याचा दम बऱ्याचदा पायांमुळे जातच नाही. समोरून ठोसा येतोय म्हटलं की तो श्वास रोखतो, खांदे कानापर्यंत आवळून धरतो आणि मिनिटभरात संपतो. दहा किलोमीटर धावणारी मुलं रिंगमध्ये दीड मिनिटात कोसळतात ती यामुळे. त्यावर जास्त धावणं हा इलाज नाही. हलकं स्पारिंग आणि प्रत्येक ठोशाबरोबर श्वास सोडायची सवय, हाच इलाज.

मोहम्मद अली जड आर्मी बूट घालून रोडवर्क करत, हे तुम्ही ऐकलं असेल. त्यांच्या काळात व्यावसायिक विजेतेपदाच्या लढती १५ राउंडच्या असत. १२ राउंडची पद्धत १९८० च्या दशकात आली. त्या लढतींसाठी वर्षानुवर्षं घडलेल्या पायांची दिनचर्या तुम्ही पहिल्या महिन्यात उचलू नका. बूट तर अजिबात नको.

पायरी २ : सुरुवातीची तपासणी

वय पस्तिशीच्या पुढे असेल, रक्तदाब, मधुमेह, दमा असेल, किंवा घरात कमी वयात कोणाला हृदयविकार झाला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. धावताना छातीत दुखलं, चक्कर आली, ठोके विचित्र पडले तर तिथेच थांबायचं.

बूट धावण्याचेच हवेत. बॉक्सिंगच्या बुटांचा तळ पातळ आणि सपाट असतो, ते रिंगसाठी आहेत. रस्त्यावर त्यात धावलात तर पहिल्या पंधरवड्यातच नडगी बोलू लागेल. महागडे बूट लागत नाहीत. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाऊल थोडं फुगलेलं असतं. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाची जागा राहील असा जोड घ्या.

पायरी ३ : पहिले चार आठवडे बाहेर, आणि सावकाश

पहिला महिना शक्यतो मातीवर धावा, असं मी सगळ्यांना सांगतो. कारण सरळ आहे. ट्रेडमिलवर वेग पट्टा ठरवतो, तुम्ही फक्त त्याच्याबरोबर राहता. रिंगमध्ये तुमचा वेग तुमच्यासाठी कोणी ठरवत नाही. कधी रेटायचं, कधी श्वास गोळा करायचा, हे शरीराकडून ऐकून ठरवावं लागतं आणि ते ऐकण्याची सवय मोकळ्या जागेत लागते. शिवाय मातीवर दर पावलाला जमीन थोडी वेगळी असते, वळावं लागतं, खड्डा चुकवावा लागतो. घोट्याभोवतीचे छोटे स्नायू त्यात कामाला लागतात. मशीनवर ते जवळपास सुट्टीवर असतात, आणि बॉक्सिंगमध्ये पिव्हट घेताना (चवड्यावर वळताना), बाजूला सरकताना त्यांचीच गरज पडते.

पहिल्या दोन आठवड्यांत, आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड : ५ मिनिटं भराभर चाला. मग ३ मिनिटं सावकाश धावा, १ मिनिट चाला. असं पाच-सहा वेळा. शेवटी ५ मिनिटं चाल. राउंडचं गणित मुद्दाम तेच ठेवलं आहे, ३ मिनिटं म्हणजे किती हे अंगात भिनायला लागतं. मोबाईलवर राउंड टायमरची मोफत ॲप मिळतात, एक घ्या.

सावकाश म्हणजे किती? शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. एकटे असाल तर पाढा म्हणून बघा. बाराचा पाढा मध्ये न थांबता दोन श्वासांत म्हणता आला तर वेग बरोबर आहे. दर दोन आकड्यांनंतर हवा घ्यावी लागत असेल तर हळू व्हा. अगदी चालण्याइतकं हळू झालं तरी चालेल. हे सांगणं सोपं आणि करून घेणं फार अवघड आहे, कारण बॉक्सिंगला येणारा प्रत्येक जण स्वतःला दमवायला आलेला असतो. पण या महिन्यात धाप लागेपर्यंत पळालात तर दोन नुकसानं होतात. हृदयाचा पाया नीट घडत नाही, आणि संध्याकाळच्या सरावात डोकं नि पाय जड राहतात, त्यामुळे तंत्र शिकायचं राहून जातं. नवख्यासाठी तंत्र सगळ्यात महत्त्वाचं.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात चालण्याचे तुकडे कमी करत २५ ते ३० मिनिटं सलग सावकाश धावण्यापर्यंत या. एका दिवशी शेवटी ६०-७० मीटरच्या चार मोकळ्या धावा घ्या. जोर लावायचा नाही, फक्त पावलं लांब आणि हलकी. प्रत्येक धावेनंतर चालत परत.

जागा कुठली निवडायची? दादरच्या शिवाजी पार्कसारखं मातीचं मैदान मिळालं तर उत्तम. मरीन ड्राइव्हचा समुद्राकडचा पदपथ सपाट आणि सलग आहे, सिग्नलला थांबावं लागत नाही, पण पृष्ठभाग कडक. तिथे आठवड्यातले तिन्ही दिवस धावू नका. जुहूसारख्या किनाऱ्यावर कोरड्या भुसभुशीत वाळूत नव्यानं धावलं की टाचेमागची शीर ताणली जाते; ओहोटीच्या वेळची ओली घट्ट वाळू बरी, मात्र तिला समुद्राकडे उतार असतो, म्हणून जाताना जेवढं धावाल तेवढंच येताना धावा, म्हणजे दोन्ही पायांवर भार सारखा पडेल. पुण्यात तळजाई आणि वेताळ टेकडीच्या वाटा आहेत. गावाकडे शाळेचं मैदान किंवा शेताकडचा बैलगाडीचा रस्ता याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. काँक्रीटचा रस्ता सगळ्यात शेवटचा पर्याय.

रस्त्यावरच धावावं लागलं आणि पदपथ नसेल तर उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूनं धावा. पहाटेच्या अंधारात फिकट रंगाचा टी-शर्ट घाला. कानात इअरफोन असतील तर एक कान मोकळा ठेवा. कुत्री मागे लागली तर पळायचं नाही. वेग कमी करून चाला, डोळ्याला डोळा भिडवू नका, हळूहळू बाजूला व्हा. चावलंच, किंवा दात लागून नुसतं खरचटलं तरी, जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "एवढंसं तर आहे" म्हणून घरी बसायचं नाही.

मुलींसाठी पहाटेचा सुनसान रस्ता हा वेगळा प्रश्न आहे, आणि तो त्यांच्या हिमतीवर सोडून देणं बरोबर नाही. क्लबनं तीन-चार जणींचा गट करून द्यावा. तो होत नसेल तर पहिला महिनाही ट्रेडमिलवर केला तरी चालेल. वरचं वेळापत्रक तसंच ठेवा, फक्त घोट्यांसाठी आठवड्यातून दोनदा एका पायावर उभं राहण्याचा आणि दोरीचा सराव वाढवा.

पायरी ४ : ट्रेडमिलची ओळख

पट्ट्यावर चढण्याआधी लाल क्लिप शोधा. तिची दोरी मशीनला असते आणि चिमटा तुमच्या टी-शर्टला लावायचा असतो. तुम्ही मागे घसरलात की ती सुटते आणि पट्टा थांबतो. जिममध्ये ती बहुतेक वेळा हँडलवर लोंबत असते, कोणी लावत नाही. तुम्ही लावा. लोडशेडिंगच्या गावात मात्र क्लिपही पुरत नाही. वीज गेली की पट्टा थांबतो, पण शरीर पुढे जात राहतं. म्हणून अशा ठिकाणी मशीनवर पूर्ण वेगाच्या धावा नकोतच.

सुरुवात करताना दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवून मशीन चालू करा, पट्टा हळू फिरू लागला की त्यावर उतरा. पहिल्या मिनिटात नजर पायांकडे जाते. ती समोर ठेवा, नाहीतर पाठ वाकते. दांडी धरायची नाही. हे मला अगदी कळकळीनं सांगायचं आहे, कारण रोज दिसतं : मशीन १० टक्के चढावर, वेग भरपूर, आणि माणूस दोन्ही हातांनी पुढची दांडी पकडून मागे रेललेला. त्या स्थितीत शरीराचा बराच भार हातांवर जातो, आकडे मोठे दिसतात आणि काम अर्ध्यावर येतं. दांडी सोडून जमत नसेल तर वेग किंवा चढ तुमच्यासाठी जास्त आहे.

आता १ टक्का चढाबद्दल. "ट्रेडमिल नेहमी १ टक्क्यावर ठेवा, म्हणजे बाहेरच्याइतकी मेहनत होते," असं सगळे सांगतात. हे १९९६ सालच्या एका ब्रिटिश संशोधनातून आलं आहे. बाहेर धावताना हवा कापावी लागते, मशीनवर लागत नाही. ती कसर १ टक्का चढानं भरून निघते, असं त्यात दिसलं. पण तो निष्कर्ष साधारण ताशी १०.५ ते १८ किलोमीटर वेगासाठी होता. तुम्ही ताशी ८ नं धावत असाल तर हवेचा अडथळा नगण्य आहे. ० ठेवा किंवा १, फरक पडत नाही. वेगाचे राउंड सुरू केलेत की १ ठेवा.

उलट एक गोष्ट मशीनवर जास्त अवघड जाते, ती म्हणजे उष्णता. बाहेर तुम्ही हवेतून पुढे जाता, घाम वाळतो, अंग थंड होतं. मशीनवर तुम्ही एकाच जागी असता, स्वतःच्याच उकाड्यात. त्याच वेगाला ठोके जास्त दिसले तर तुमची तयारी घसरली असं समजू नका. पंखा समोरून लावा, पाण्याची बाटली जवळ ठेवा.

वेग वाचायला शिका. ताशी ८ म्हणजे किलोमीटरला साडेसात मिनिटं, १० म्हणजे ६ मिनिटं, १२ म्हणजे ५ मिनिटं. जिममधल्या दोन मशीनचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही, म्हणून शक्यतो रोज एकच मशीन धरा.

पायरी ५ : मशीनवरचे राउंड

पाचव्या आठवड्यापासून ट्रेडमिल खऱ्या अर्थानं कामाला येते. बाहेर ३ मिनिटं जोरात धावायला सांगितलं की नवखा पहिल्या मिनिटात सगळं उधळतो आणि तिसऱ्यात रांगतो. मशीनवर ते करता येत नाही. वेग ठरला की पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत तोच. रिंगमध्ये शेवटच्या अर्ध्या मिनिटात हात वर ठेवायला जे लागतं, ते इथे मोजून मिळवता येतं.

वेग असा ठरवा. तुमचा बोलत धावण्याचा वेग ८ असेल तर पहिल्या दिवशी राउंड १० वर घ्या. १० मिनिटं वॉर्मअप, त्यातली शेवटची दोन ९ वर. मग ३ मिनिटं १० वर, १ मिनिट ५ वर चाल. असे ४ राउंड. तिसऱ्या मिनिटाला तोंडातून एखाद-दुसराच शब्द निघायला हवा. पूर्ण वाक्य येत असेल तर पुढच्या वेळी वेग ताशी अर्ध्या किलोमीटरनं वाढवा. चौथा राउंड पहिल्याइतक्याच सरळ अंगानं पूर्ण झाला पाहिजे. खांदे वर चढले, पावलं आपटायला लागली, तर वेग तेवढाच, अर्ध्या किलोमीटरनं, कमी करा. त्यात कमीपणा मानू नका.

पावलांचा आवाज ऐकत राहा. मशीनवर हा फायदा मोठा आहे, तळ पोकळ असल्यामुळे प्रत्येक पाऊल वाजतं. पहिल्या राउंडला टप-टप असा हलका आवाज असतो. दमल्यावर तोच धप-धप होतो, आणि बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त वाजतो. आवाज बदलला म्हणजे पोटऱ्यांनी काम सोडलं आणि टाच आपटू लागली. तो राउंड तिथे संपवलेला बरा.

एक अडचण आहे. पट्ट्याला वेग घ्यायला आणि सोडायला वेळ लागतो. म्हणून राउंड संपायला पाच-सात सेकंद असताना बटण दाबू नका. ३ मिनिटं पूर्ण करा, मग दाबा. आणि विश्रांतीची शेवटची दहा सेकंद उरली की वेग वाढवायला लागा, म्हणजे घंटेला तुम्ही वेगावर असाल. पट्टा जोरात फिरत असताना बाजूला उड्या मारून उभं राहणं आणि परत वर चढणं जुने खेळाडू करतात. तुम्ही करू नका. याच कारणासाठी दहा-पंधरा सेकंदांच्या झटक्याच्या धावा मशीनवर घेण्यात अर्थ नाही. मशीन वेगावर येईपर्यंत धाव संपते. त्या मैदानात घ्या.

मशीनवर शॅडो (हवेत ठोसे मारण्याचा सराव) करायचं नाही, हातात डंबेल घेऊन धावायचं नाही, उलटं किंवा आडवं धावायचं नाही. हे सगळं मैदानात करा. सावकाश धावताना दर पाच मिनिटांनी वीस पावलं उलटी, वीस डावीकडे सरकत, वीस उजवीकडे, हात गार्डमध्ये (चेहऱ्यासमोर). लोक बघतात, बघू देत.

पायरी ६ : चढ

चढावर पाऊल कमी आपटतं आणि हृदयाला काम जास्त मिळतं, म्हणून बॉक्सरसाठी चढ फार मोलाचा. सातव्या आठवड्यापासून सुरू करा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या कितीतरी पुणेकरांच्या पायांना ओळखीच्या आहेत. तिथे किंवा कुठल्याही टेकडीच्या सौम्य चढावर २० सेकंद जोरात वर, चालत खाली, पूर्ण श्वास जुळेपर्यंत थांबा. सहा वेळा पुरे. वर जाताना बघा, गुडघा उचलला जातो आणि मागचा पाय जमीन ढकलतो. उजव्या हाताच्या सरळ ठोशाला मागच्या पायातून जो रेटा येतो तो जवळपास असाच आहे.

दुखणं मात्र उतरताना येतं. उतारावर मांड्या ब्रेक लावत असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. इथे ट्रेडमिलचा एक मोठा फायदा आहे, जो फार कमी लोक वापरतात : मशीनच्या चढाला उतार नसतो. उद्या स्पारिंग आहे, पाय ताजे हवेत, पण थोडं काम तर करायचं आहे, अशा दिवशी ६ ते ८ टक्के चढ आणि ताशी ५-६ चा वेग ठेवून २० मिनिटं भराभर चाला. ठोके वर जातील, पायांना मार बसणार नाही. वजन जास्त असलेल्या नवख्यांसाठी तर पहिल्या महिन्यातही ही चाल धावण्यापेक्षा चांगली.

पायरी ७ : बॉक्सिंगच्या आठवड्यात हे बसवायचं कुठे

समजा क्लब सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी आहे. पाचव्या आठवड्यानंतर मी असं लावून देतो : मंगळवारी सकाळी मशीनवर राउंड, गुरुवारी मातीवर ३० मिनिटं सावकाश, शनिवारी मातीवर ४० मिनिटं सावकाश, आणि सातव्या आठवड्यापासून एक आठवडा आड शनिवारी त्याऐवजी चढ. रविवार पूर्ण विश्रांती. जोराचं धावणं आठवड्यात एकदाच, फार तर दोनदा. क्लब आणि धावणं एकाच वेळी करावं लागलं तर आधी बॉक्सिंग, मग धावणं. दमलेल्या पायांवर शिकलेला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) दमलेलाच राहतो.

नडगीच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर आठवडाभर धावणं बंद, मशीनच्या चढावर चाल. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते. डॉक्टरांना दाखवा, तोवर धावू नका.

आणि स्पारिंगमध्ये डोक्याला जोरात लागलं, नंतर डोकं दुखतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, तर "थोडं पळून आलो की मोकळं वाटेल" असं करू नका. ना रस्त्यावर, ना मशीनवर. सरांना सांगा, घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जा.

ऋतू आणि हवा

जून ते सप्टेंबर टेकडीच्या वाटांवर आणि दगडी पायऱ्यांवर शेवाळ असतं. या महिन्यांत चढ मशीनवरच घ्या, सावकाश धावणं रिमझिम पावसात खुशाल बाहेर करा. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांकडे जातो, तिथे सूर्य वर यायच्या आत धावणं आटोपलं पाहिजे. उशीर झाला तर त्या दिवशी आत धावा. हिवाळ्यात मुंबई-पुण्यात पहाटे धुरकं साचतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या समीर ॲपवर हवेचा निर्देशांक बघा. २०० च्या वर गेला की सरकारी वर्गवारीत हवा "खराब" ठरते. त्या दिवशी बाहेर जोराचं धावणं नको. जिम हमरस्त्याला लागून असेल आणि खिडक्या सताड उघड्या असतील तर मात्र तिथली हवाही तीच असते.

प्रगती कशी मोजायची

दर चार आठवड्यांनी एकदा, शक्यतो त्याच मैदानावर त्याच वेळी, १२ मिनिटांत किती अंतर कापता ते बघा. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये ही चाचणी मांडली. ४०० मीटरचा ट्रॅक आणि घड्याळ एवढंच लागतं. मशीनवरचं अंतर आणि ट्रॅकवरचं अंतर यांची तुलना करू नका.

बॉक्सरला जास्त कामाची दुसरी मोजणी मशीनवर होते. शेवटचा राउंड संपला, पट्टा चालीवर आला, की लगेच गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारनं गुणा. एका मिनिटानं परत मोजा. समजा आधी ४४ आले, म्हणजे १७६. मिनिटानं ३६ आले, म्हणजे १४४. एका मिनिटात ३२ उतरले. हा उतार वहीत लिहून ठेवा. दोन महिन्यांत त्याच वेगाला तो वाढत गेला पाहिजे, कारण कोपऱ्यातल्या स्टुलावर तुम्हाला तेवढंच एक मिनिट मिळणार आहे. उतार सलग दोन-तीन वेळा कमी येत असेल तर झोप, जेवण, आजारपण बघा आणि एक आठवडा फक्त सावकाश धावा.

पहिल्या स्पर्धेचा आठवडा

शेवटचे जोराचे राउंड लढतीच्या पाच दिवस आधी. त्यानंतर १५ ते २० मिनिटं सावकाश, तेही एक दिवस आड. या आठवड्यात वजनाची भीती मुलांना मशीनकडे ढकलते. रबराचा किंवा प्लॅस्टिकचा सूट घालून, दारं-खिडक्या बंद करून ट्रेडमिलवर पळणं हा प्रकार आजही दिसतो. १९९७ मध्ये अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज कुस्तीपटू असाच सूट घालून, उष्णतेत व्यायाम करून वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत त्या सुटांवर बंदी आली. घामानं गेलेलं वजन म्हणजे पाणी असतं, आणि डोक्याला ठोसे बसणाऱ्या खेळात अंगातलं पाणी आटवून उतरणं जास्तच धोक्याचं. पहिल्या स्पर्धेला ज्या वजनात सहज बसता त्याच गटात नाव द्या. दीड-दोन किलो जास्त भरत असेल तर सरांना फॉर्म भरण्याआधी सांगा, गट बदलून घेता येतो. स्पर्धेच्या वजन मोजणीच्या आदल्या रात्री सांगितलंत तर त्यांच्याही हातात काही उरत नाही.